ढाकचा बहिरी: आईला घेऊन जायचं म्हणतोय, खरं काय ते सांगा

इंद्रायणीकाठ
नमस्कार मंडळी. मी चिंचवडला राहतो, सात आठ वर्षं सह्याद्रीत फिरतोय पण ढाक बहिरी, म्हणजे ढाकच्या कड्यातली बहिरी देवाची गुहा, अजून झालेला नाही. एकदा पावसाळ्यानंतर लगेच गेलो होतो, कोंडेश्वरच्या देवळापासून वर चढलो आणि धुक्यात रानातच वाट हरवली, तीन तास कारवीत गरागरा फिरून परत आलो. ते सोडा. आता प्रश्न वेगळा आहे.

माझी आई ५७ वर्षांची आहे. तिचं माहेर नाणे मावळातलं, कामशेतच्या आत. लहानपणापासून घरात बहिरीचं नाव ऐकलेलं, आजोबा दरवर्षी भात झोडून झाला की दोन चार जणांबरोबर बहिरीला जायचे, नारळ फोडायचे, गुहेत रात्र काढायचे आणि दुसऱ्या दिवशी घरी. आजोबा मागच्या वर्षी गेले. तेव्हापासून आईच्या मनात एकच, मला एकदा बहिरीला जायचंय. तिला मी यूट्यूबवरचा व्हिडिओ दाखवला, तो कड्यावरचा आडवा टप्पा बघून ती घाबरेल असं वाटलं होतं तर म्हणाली, अण्णा तर धोतर नेसून जात होते.

तर मला खरं उत्तर हवंय. ५७ वर्षांच्या, शेतात काम केलेल्या पण गेली तीस वर्षं शहरात राहिलेल्या बाईला हे जमेल का? रोप, म्हणजे दोर, लावला तर जमेल का? की मीच नाही म्हणायला शिकायला हवं? कोणाला दुखवायचं नाही म्हणून गोड बोलू नका प्लीज.

वीकेंडचा पक्षी
भावा काही टेन्शन घेऊ नको, मी तीन वेळा जाऊन आलोय एकदाही रोप वापरला नाही, लोक उगाच बाऊ करतात. खोबणी आहेत कातळात, हात टाकायचा पाय टाकायचा. गावातली पोरं अनवाणी पळत जातात. आईंना घेऊन जा मस्त, देवाचं काम आहे होऊन जाईल.

कातळवेडा
वरचा सल्ला कृपा करून घेऊ नकोस. तीन वेळा काही झालं नाही याचा अर्थ एवढाच की तीन वेळा पाय घसरला नाही. ढाकला अपघात झालेत, माणसं गेलीत, आणि त्यातली बरीचशी चढताना नाही तर उतरताना. मी तिथे लोकांना रोप लावून दिलाय बऱ्याचदा त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, मोठं होईल, चालवून घ्या.

ढाकचे दोन ट्रेक समजायचे. पहिला पायथ्याच्या जांभिवली गावापासून खिंडीपर्यंत. कोंडेश्वराचं देऊळ, मग चढ, पठार, मग दाट रान, रानात फाटे खूप, ढोरवाटा कुठेही नेतात. ढाकची भिंत आणि तिच्या शेजारचा कळकराय सुळका हे दोन्ही नजरेत ठेवून त्यांच्या मधल्या खिंडीकडे जायचं. देवळापासून बेताच्या चालीने दोन अडीच तास. हा भाग आईंना जमेल, सवय केली तर नक्की जमेल. दम लागेल पण जीव धोक्यात नाही.

दुसरा ट्रेक खिंडीपासून पुढे. अंतर म्हणाल तर फार नाही, पण सगळा ढाक तिथेच आहे. खिंडीतून कोकणाच्या बाजूला एक अरुंद घळ उतरते, दोन्ही बाजूंना कातळ, इतकी चिंचोळी की पाठपिशवी घासते, आणि तोंड कड्याकडे करून पायाने खालची जागा चाचपत उतरावं लागतं. घळ संपली की ट्रॅव्हर्स, म्हणजे तो आडवा टप्पा. उभ्या भिंतीला कोरलेली, पाऊल मावेल एवढी पट्टी, हाताला खोबणी, आणि पाठीमागे सरळ दरी. हे झालं की शेवटचा उभा पॅच, तिथे पूर्वी झाडाचं एक खोड टेकवून ठेवलेलं असायचं, त्याला धरून आणि खोबणीत पाय रोवून वर सरकायचं की गुहा.

चढताना खोबणी डोळ्यासमोर असते. उतरताना पाय कुठे टाकायचा ते दिसतच नाही, पोट कड्याला चिकटलेलं, मान वाकवली की आधी दिसते ती दरी. तिथे माणूस थिजतो. मी धडधाकट पंचविशीतली पोरं तिथे अर्धा अर्धा तास थिजलेली पाहिलीत. हात थरथरायला लागतात आणि थरथरणाऱ्या हाताची पकड सुटते, याला बाकी काही कारण लागत नाही.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर: खिंडीपर्यंत हो. पुढे, फक्त हार्नेस (कमरेला आणि मांड्यांना बांधायचा पट्टा), हेल्मेट आणि बिले देणारा, म्हणजे दोराने सांभाळून धरणारा, जाणकार माणूस असेल तर, आणि तेव्हाही आईंनी स्वतः घळीच्या तोंडाशी उभं राहून खाली बघून ठरवायचं. घरी सोफ्यावर बसून ठरवायचं नाही.

वीकेंडचा पक्षी
दादा मान्य आहे तुमचा अनुभव जास्त आहे पण गावकरी शेकडो वर्षं जातायत ना विनारोप? मग ते काय वेडे आहेत का?

नाणे मावळवाला
राम राम. मी हितलाच. गावातली मान्सं जात्यात खरंय, पण त्याचं आसं हाय की आमचं पोरगं धा वर्साचं असताना बापाच्या मागनं पयल्यांदा जातं, मग वर्साला एकदा दोनदा, तवा प्रत्येक खोबण पायाला म्हाईत आसती. अंधारात सुदा पाय बरोबर पडतो. तुमी एकदा येनार आन तेबी बूट घालून. आन गावातला मानूस तितं दंगा करत न्हाई, फोटू काढत न्हाई, बहिरीचं नाव घ्येतो आन गप चालतो. आमी काय वेडं न्हाई आन तुमी बी होऊ नका. ठाकर लोकांचा देव हाय, आमचा बी हाय. आमी त्येला गडदचा बहिरी म्हंतो, गडद म्हंजी गुहा.

दादा तुमच्या आजोबाचं गाव कंचं?

रानजाई
नाणे मावळवाला, किती नेमकं लिहिलंत.

@इंद्रायणीकाठ मी दोनदा गेलेय बहिरीला, पहिल्यांदा २६ व्या वर्षी आणि दुसऱ्यांदा ४१ व्या, आणि खरं सांगते दुसऱ्यांदा जास्त भीती वाटली कारण आता घरी दोन मुलं आहेत. वयाने ताकद कमी होते हे तर आहेच पण त्याहून डोकं जास्त विचार करायला लागतं. तुमच्या आईंशी हे मोकळं बोला. "तुला जमणार नाही" असं म्हणू नका, ते ऐकून कोणतीही आई जिद्दीला पेटते, माझी तर पेटलीच असती. त्यांना विचारा की बहिरीला जायचंय म्हणजे नेमकं काय करायचंय? गुहेत पाय ठेवायचाय का, वडील चालायचे त्या वाटेने चालायचंय, का नारळ पोचवायचाय? ह्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

इंद्रायणीकाठ
@रानजाई हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. विचारतो.

@नाणे मावळवाला गाव इथे लिहीत नाही, वडिवळे धरणाच्या अंगाला आहे एवढं सांगतो. व्यनि (खाजगी निरोप) करतो तुम्हाला.

अस्थिसंधी
मी हाडांचा डॉक्टर आहे, ट्रेकरही आहे. वयाचा आकडा फार महत्त्वाचा नाही, गुडघा महत्त्वाचा. चढताना दम लागतो तो हृदय आणि फुप्फुसांचा मामला, पण उतरताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार गुडघ्यावर येतो आणि तो पेलतात मांडीच्या पुढच्या बाजूचे स्नायू. ते दमले की पाय लटपटतो, आणि ढाकला परतीचा पूर्ण उतार दमलेल्या पायांनी करायचा असतो. तेव्हा सहा ते आठ आठवडे आधीपासून तयारी: रोज जिने, चढण्यापेक्षा सावकाश उतरण्यावर भर, खुर्चीवरून हात न टेकता उठणे बसणे. बीपी, शुगर, ईसीजी एकदा करून घ्या. चिंचवडला आहात तर घोरावडेश्वर जवळच आहे, आधी तो, मग भाजे लेणी आणि लोहगड, मग आतकरवाडीकडून सिंहगड. सिंहगड उतरून दुसऱ्या दिवशी गुडघ्याला सूज आली नाही तर खिंडीपर्यंत हरकत नाही. दोन काठ्या घ्या, एक नको. घळीत मात्र काठ्या घडी करून पिशवीत गेल्या पाहिजेत, हातात नको.

सांडशीवाट
कर्जतकडून कोणी बोललंच नाही म्हणून लिहितोय. आम्ही नेहमी सांडशीवरून जातो, कर्जत स्टेशनला उतरून कोंदिवड्याच्या रस्त्याने रिक्षा ठरवायची आणि सांडशीतून चढायला लागायचं. पण आईंना घेऊन ही वाट नको, कोकणातून घाटमाथ्याची उंची अख्खी अंगावर येते, चढ खडा आहे, घसारा म्हणजे पाय घसरवणारी सुटी माती आहे, पाणी नाही. जांभिवलीची वाट तुलनेने सोपी कारण सुरुवातच मावळातून, म्हणजे वरूनच होते. सांडशीची एकच मजा, वाटेवर राजमाचीचे श्रीवर्धन मनरंजन दोन्ही बालेकिल्ले समोर दिसत राहतात आणि खाली उल्हास नदीचं खोरं. वेळ असेल तर परतताना कोंडाणे लेणी करता येतात, पण एका दिवसात दोन्ही करायला पाय खमके हवेत.

दूरदेशी
मी आता न्यू जर्सीत असतो पण १९९८ साली कॉलेजात असताना गेलो होतो आम्ही पाच जण. गुहेत पाण्याची टाकी आहेत आणि भांडी होती!! मोठी पातेली, ताटं, सगळं. कोणीही घ्यावी, स्वयंपाक करावा, घासून परत ठेवावी. आम्ही खिचडी केली होती. आमच्यातला एक म्हणाला एक ताट आठवण म्हणून घेऊन जाऊ, तर बरोबर आलेल्या ठाकर दादांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो आयुष्यात विसरणार नाही. अजून आहेत का ती भांडी?

नाणे मावळवाला
हायेत. पर पयल्यावानी न्हाईत. वानरं वडत्यात, काही लोक न घासता तशीच टाकून जात्यात, त्याला भोकं पडत्यात. काही चोरीला बी गेली. बहिरीची भांडी हायेत, ती घरी नेली तर पचत न्हाईत, आमच्याकडं लहान पोराला बी ठावं हाय ह्ये.

कातळवेडा
भांड्यांवरून विषय निघालाच आहे तर आणखी तीन गोष्टी, मग सामानाचं सांगतो.

आग्या मोहोळ. ढाकच्या कड्याला पोळी असतात, कुठल्या वर्षी कुठे ते सांगता येत नाही. अत्तर, डिओ, डोक्याला वासाचं तेल काही नको. घळीत किंवा गुहेत जाळ करण्याआधी वर मान करून नीट बघा, पोळं दिसलं तर धूर अजिबात करायचा नाही, आरडाओरडा नाही, दगड तर नाहीच. ट्रॅव्हर्सवर असताना माश्या उठल्या तर पळायला जागा नसते, म्हणून हार्नेस असला की निदान माणूस पडत तरी नाही.

वानरं. त्यांच्या पायाखालून दगड सुटतात. हेल्मेट पडणाऱ्यासाठी असतं तसंच खाली उभ्या असलेल्यासाठी असतं.

गर्दी. शनिवार रविवार थंडीच्या दिवसात तिथे रांग लागते आणि वाट एकच, जाणारे आणि येणारे समोरासमोर. आईंना घेऊन आठवड्याच्या मधल्या दिवशी जा. सकाळी नऊच्या आत खिंडीत पोचा, दुपारी कातळ तापतो, त्याला हात लावला तर घाम सुटतो आणि पकड जाते.

सामान: ३० मीटरचा रोप एक, शक्यतो दोन, प्रत्येकाला हार्नेस आणि दोन स्लिंग (हार्नेसला अडकवायचे पट्टे), प्रत्येक स्लिंगला स्क्रूचं कॅराबिनर, म्हणजे धातूची कडी, म्हणजे लाइनवर (कड्याला बांधलेल्या दोरावर) एक काढताना दुसरं लावलेलं राहतं. तिथे आधीपासून लटकत असलेला कोणाचाही जुना दोर, तार, लाकूड दिसेल, त्यावर शरीराचा भार टाकायचा नाही, उन्हा पावसाने दोर आतून कुजतो आणि वरून चांगला दिसतो. सगळ्यात आधी चढणारा आणि सगळ्यात शेवटी उतरणारा हा एकच माणूस, आणि तो सगळ्यात अनुभवी. शेवटच्या माणसाचं काय, हा विचार न करता रोप लावणारे ग्रुप खूप बघितलेत.

पाणी माणशी किमान तीन लिटर. पायात पकड असलेले बूट, अ‍ॅक्शनचे ट्रेकिंग शूज चालतील, महागडे हवेत असं नाही. पावसाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबर, घळीच्या पुढे अजिबात नाही, शेवाळ असतं.

रानजाई
गर्दीवरून माझाही अनुभव. दुसऱ्यांदा मी एका पैसे घेऊन ट्रेक नेणाऱ्या ग्रुपबरोबर गेले होते, नाव घेत नाही. ५० माणसं आणि एक रोप. घळीत आम्ही दीड तास उन्हात उभे होतो, एका मुलीला चक्कर आली, लीडर पुढे गुहेत सेल्फी काढत होता. मी आणि आणखी दोघांनी तिला धरून वर खिंडीत आणलं आणि पाणी पाजलं. त्यानंतर मी ठरवलं की ढाकला जायचं तर सहा जणांच्या वर नाही. कोणत्याही ग्रुपला पैसे भरण्याआधी दोनच प्रश्न विचारा, किती माणसं आणि किती हार्नेस. उत्तर टाळलं तर पैसे भरू नका.

वीकेंडचा पक्षी
वाचतोय सगळं. शेवटच्या माणसाचा मुद्दा खरंच डोक्यात आला नव्हता, मी नेहमी मधे असायचो. माझं पहिलं उत्तर मागे घेतो. @इंद्रायणीकाठ सॉरी यार.

कळसूबाई_१६४६
एक शंका, ढाकचा किल्ला आणि बहिरीची गुहा एकच का? मला वाटायचं गुहेतून वर गडावर जाता येतं.

कातळवेडा
नाही. गडाचा माथा वर आहे आणि त्याची वाट वेगळी आहे. गुहा कड्याच्या पोटात. अनेक जण ढाक केला म्हणतात तेव्हा त्यांनी बहिरी केलेला असतो, गड नाही. आपल्या सह्याद्रीत अशा गुहा बऱ्याच ठिकाणी दोन लाव्हा थरांच्या मधे सापडतात, मधला थर मऊ असतो तो झिजतो आणि वरचा टणक कातळ छपरासारखा राहतो. कातळाच्या भिंतीवर आडवे पट्टे दिसतात ना ते हेच थर, जवळपास साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. खिंडीत बसल्यावर आईंना दाखव, मला तरी ते पट्टे बघितल्याशिवाय चैन पडत नाही.

इंद्रायणीकाठ
मंडळी, दोन महिन्यांनी लिहितोय. आधी धन्यवाद, नंतर वृत्तांत.

आईला रानजाईंचा प्रश्न विचारला. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग आत गेली आणि माळ्यावरून एक पितळी पातेलं काढून घेऊन आली. आजोबांचं. त्यावर त्यांचं नाव घातलेलं आहे आणि साल १९७१. म्हणाली अण्णांनी हे बहिरीला द्यायचं कबूल केलं होतं आणि दरवर्षी आजी म्हणायची पुढच्या वर्षी द्या, मला लागतंय. ते तसंच राहून गेलं. म्हणजे तिला गुहा बघायची नव्हतीच, तिला ते पातेलं पोचवायचं होतं आणि मला ते सांगायला तिला अवघड वाटत होतं, कारण मी म्हणालो असतो की मी नेऊन देतो, आणि मग तिचं जाणंच राहिलं असतं. खरंच मी तसंच म्हणालो असतो.

मग तयारी. घोरावडेश्वर आठवड्यातून दोनदा, दोनदा लोहगड, एकदा सिंहगड. सिंहगडावरून उतरल्यावर डॉक्टरांनी सांगितलं तसं दुसऱ्या दिवशी गुडघा बघितला, सूज नव्हती. आई रोज सोसायटीचे सहा मजले जिन्याने उतरायची आणि शेजारच्या बायकांनाही उतरायला लावायची. पातेल्याला कल्हई करायची तर कल्हईवाला मिळेना, चिंचवडात नाही, पिंपरीत नाही, शेवटी तळेगावात एक म्हातारे काका मिळाले त्यांनी करून दिली, आत नुसता आरसा.

मागच्या बुधवारी गेलो. आई, मी, कातळवेडा दादा, त्यांचा एक मित्र, आणि नाणे मावळवाला दादा जांभिवलीत वाट बघत होते. पहाटे सहाला देऊळ सोडलं. पातेलं आईने स्वतःच्या पिशवीत घेतलं होतं, कोणाला दिलं नाही. पठारावर ऊन आलं तेव्हा भिंत पहिल्यांदा पूर्ण दिसली, आई थांबली, चप्पल काढतात तसे बूट काढायला लागली, दादांनी सांगितलं की मावशी अजून लांब हाय, हितनं नुसता हात जोडा.

रानात तिचं मला कौतुक वाटलं. मी मोबाइलवर ट्रॅक बघत होतो आणि ती म्हणाली इकडून नाही, ही गुरांची वाट आहे, बघ शेण जुनं आहे आणि पावलं एकाच बाजूची आहेत. बरोबर होती ती. पावणेनऊला खिंडीत. पावणेतीन तास म्हणजे आम्हाला वाटलं त्यापेक्षा थोडे जास्त पण ठीक.

घळीच्या तोंडाशी कातळवेडा दादांनी आईला हार्नेस घातला, रोप लावला, आणि काही न बोलता बाजूला झाले. ती चार पायऱ्या म्हणाव्यात एवढं उतरली. मग थांबली. खाली बघितलं. मला वर बघून म्हणाली, उतरेन रे, पण परत चढताना तुम्हाला माझा भार होईल. मी म्हणालो होणार नाही. ती म्हणाली, होईल, मला माझे गुडघे माहिती आहेत. आणि वर आली. रडली वगैरे नाही. पिशवीतून पातेलं काढलं, नारळ, उदबत्ती, आणि एका पुडीत घरचे तांदूळ, सगळं माझ्या पिशवीत भरलं आणि म्हणाली पातेलं पालथं ठेव, पाणी साचलं तर आत मळ धरतो.

मी आणि नाणे मावळवाला दादा दोघं पुढे गेलो, कातळवेडांनी लाइन लावली होती. ट्रॅव्हर्सवर मधोमध माझा डावा पाय थरथरायला लागला, शिलाईच्या मशीनसारखा. अगदी तुम्ही लिहिलं होतं तसंच. कॅराबिनर लावलेलं होतं म्हणून मला थांबता आलं, टाच खाली टेकवली, श्वास घेतला, पाच मिनिटं गेली असतील. रोप नसता तर मी काय केलं असतं हे मला माहीत नाही. शेवटच्या पॅचवर दादा वरून एकच वाक्य म्हणत होते, उजवा हात, डावा पाय, उजवा हात.

गुहेत थंड. बहिरी शेंदराने माखलेला. टाक्यात पाणी. भांडी कोपऱ्यात होती, काही वाकलेली, दोन चांगली. आम्ही आधी ती सगळी घासली, मग नारळ फोडला, तांदूळ वाहिले, पातेलं पालथं ठेवलं. गुहेच्या तोंडाशी बसलं की समोर राजमाची, आणि खाली एवढी मोकळी हवा की बोलावंसं वाटत नाही. आईला फोन लावून बघितला, रेंज नव्हती. म्हणून मी जोरात हाक मारणार होतो, दादांनी माश्यांचं सांगून थांबवलं.

परत आलो तर आई खिंडीत कातळाला टेकून बसली होती आणि कातळवेडांचे मित्र तिला भिंतीतले ते लाव्हाचे थर दाखवत होते. मी म्हणालो ठेवलं. तिने विचारलं, पालथं? मी म्हणालो पालथं. मग तिने डबा उघडला, भाकरी, ठेचा आणि सुकट.

उतरताना तिला खरा त्रास झाला, देवळाच्या आधीचा चढ जो येताना पटकन झाला होता तो उतरायला दीड तास लागला. दोन काठ्यांचा सल्ला लाखमोलाचा. घरी आल्यावर दोन दिवस जिना चढली नाही, आता बरी आहे.

रानजाई
वाचून डोळे भरले हो. त्या परत फिरल्या हे तुम्ही सगळं खरं लिहिलंत त्याबद्दल विशेष आभार. इथे पोचलेल्यांचेच वृत्तांत येतात.

अस्थिसंधी
आईंना सांगा, चार पायऱ्या उतरून स्वतःचा अंदाज घेऊन परत येणं माझ्या तरुण पेशंटनासुद्धा जमत नाही. दोन दिवस दुखणं ठीक, आठवड्याच्या वर राहिलं तर दाखवून घ्या.

कळसूबाई_१६४६
जांभिवलीला पुण्याहून पहिल्या लोकलने गेलं तर वेळेत पोचतो का? आम्ही चौघं आहोत, गाडी नाही.

इंद्रायणीकाठ
@कळसूबाई लोणावळा लोकलने कामशेत, तिथून जीप किंवा रिक्षा आदल्या दिवशीच सांगून ठेवा, एसटीच्या भरवशावर सकाळी नऊच्या आत खिंड होणार नाही. जमलं तर आदल्या रात्री कोंडेश्वराच्या देवळात मुक्काम करा. आणि हार्नेस चार!! काही अडलं तर ११२ ला फोन, पण घळीत रेंज धरू नका. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या रेस्क्यू टीम रात्री अपरात्री येतात, पण त्यांना पोचायलाही तेवढीच चढण चढावी लागते हे लक्षात ठेवा.

रानजाई
धागा वर काढतेय. परवा आम्ही सहा जण गेलो होतो, गुरुवारी, हार्नेस सहा. @इंद्रायणीकाठ तुमचं पातेलं आहे तिथे. नाव आणि १९७१ वाचलं आणि मी बाकीच्यांना तिथेच हा सगळा धागा सांगितला. पोळं नाही ना ते आधी बघून घेतलं आणि गुहेच्या तोंडाशी तीन दगडांवर भात लावला त्यात, सहा जणांना पुरून उरला. बहिरीला आधी दाखवला. घासून, पुसून, पालथं ठेवलंय.

इंद्रायणीकाठ
आईला वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं. ती विचारतेय, चुलीवर ठेवण्याआधी बुडाला ओली राख लावली होती का, नाहीतर पितळेचं काळं लवकर निघत नाही.